परदेशात अडकलेलं मंगळसूत्र

"आमची मुलगी रोज परदेशात जाते आणि संध्याकाळी येताना मेथीची जुडी घेऊन येते." सोसायटीत कुणीही माझ्या नोकरीची चौकशी केली की बाबा हेच सांगायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचे. थट्टा होती, पण थाप नव्हती. अंधेरी पूर्वेला निर्यातीच्या कारखान्यांसाठी कुंपण घातलेला मोठा भाग आहे. आम्ही त्याला नुसतं झोन म्हणायचो. कस्टमच्या लेखी ती जागा देशाबाहेरची. सोनं बाहेरून यायचं, आमच्या टेबलांवर त्याच्या अंगठ्या आणि कानातली व्हायची, की परत विमानाने बाहेर. ते सोनं भारतात कधी आलंच नाही, असं कागद म्हणायचे. मी मात्र मुलुंडहून रोज जात-येत होते.

माझं काम तपासणीचं. डोळ्याला भिंग लावून प्रत्येक खडा नीट बसलाय का, कुठे हलतोय का ते बघायचं. मला ते मनापासून आवडायचं. त्याहून आवडायची ती कंपनीची बस. सकाळी सगळ्या पेंगत असायच्या, पण परतीच्या वाटेवर बसचं स्वयंपाकघर व्हायचं. गेटबाहेरच्या भाजीवाल्याकडून घेतलेले मटार पवईचा तलाव येईपर्यंत सोलून व्हायचे. सासवा, नवरे, जावा सगळ्यांची सालं तिथेच निघायची. आता तिथपर्यंत मेट्रो जाते म्हणे, थंडगार. त्यात मटार कोण सोलू देणार?

आमच्या सीमेवर पासपोर्ट लागत नसे, पण बाहेर पडताना डबा उघडून दाखवावा लागे. गणपतीत एकदा माझा मोदक उरला होता, तर गेटवरची बाई म्हणाली, "फोड तो." मी फोडला. आत सारणच होतं. मग अर्धा तिने खाल्ला आणि म्हणाली, "झकास झालाय, जा." निघताना हात धुवायचे तर ते पाणीही साठवून ठेवत, कारण नखांतून सोन्याचा कण जायला नको. जमीन झाडली की केर जपून ठेवत. माझ्या पायाच्या धुळीला एवढी किंमत मुलुंडमध्ये कुणी कधी दिली नाही.

अशा ठिकाणी स्वतःचं सोनं घालून जाणं म्हणजे हातानं ओढवून घेतलेली कटकट. आत जाताना गेटवर नोंद करायची, बाहेर येताना ती दाखवायची. नोंद नसेल तर अंगावरचं सोनं तिथलंच धरलं जायचं. म्हणून लग्न झालेल्या बायका नुसत्या काळ्या मण्यांची पोत घालून यायच्या, सोन्याचा मणीही नसलेली. एकीचा नवरा तिला रोज स्कूटरवरून सोडायचा. ती गेटबाहेर मंगळसूत्र काढून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवायची आणि संध्याकाळी त्याच खिशातून काढून घालायची. मला तेव्हा याचं फक्त हसू यायचं. माझा गळा मोकळा होता ना.

मग माझं लग्न झालं. रोज परदेशी जाणारी मी, सासरी जायला फक्त स्टेशनवरचा पूल ओलांडला. मुलुंड पूर्वेची पश्चिमेला गेले, एवढंच. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. सासूबाईंनी सरकारी कचेरीत नोकरी करून एकुलत्या एका मुलाला वाढवलं होतं. बोलणं तुटक, पण स्पष्ट. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, "नोकरी कर, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या घरातून सवाष्ण मोकळ्या गळ्यानं बाहेर पडायची नाही." आमच्याकडे नव्या नवरीच्या मंगळसूत्राच्या वाट्या आधी उलट्या ठेवतात आणि मग चांगला दिवस बघून सुलट्या करतात. तोवर ते गळ्यातून उतरवायचंच नाही, असा त्यांचा दंडक. मी हो म्हटलं. रोज गेटवर नोंद करू, त्यात काय मोठं.

रजा संपवून मी शुक्रवारी कामावर गेले. गेटवरच्या त्याच मोदकवाल्या बाईने मला बघितलं आणि "अगं, पेढे कुठेत?" म्हणत मिठीच मारली. आणखी दोघी-तिघी जमल्या, हातावरची मेंदी बघून झाली, साडी का नाही नेसलीस म्हणून झापून झालं. त्या सगळ्या कौतुकात नोंद करायची राहिली. ना तिच्या लक्षात आलं, ना माझ्या.

संध्याकाळी गेटवर दुसरी पाळी होती. "हे आत कधी आलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. कस्टमचे साहेब आले. माणूस सभ्य, उत्तरेकडचा. म्हणाले, बिल दाखवा आणि घेऊन जा. मी म्हटलं, बिलं दोन आहेत. "एक आयटम, दो बिल?" ते बुचकळ्यात पडले. आता त्यांना काय सांगणार, की आमच्यात दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची असते? तरी सांगितलं. एक माझ्या आईनं मुलुंडच्या सराफाकडून घेतली होती, दुसरी सासूबाईंनी दादरहून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग ज्यांच्या नावावर बिलं आहेत त्या दोघींना सोमवारी घेऊन या. माझं मंगळसूत्र पाकिटात गेलं, पाकिटावर लाख लागली.

बसमध्ये शेजारी बसलेल्या मैत्रिणीने स्वतःची काळी पोत काढून माझ्या गळ्यात घातली. "घरी जाईपर्यंत असू दे गं," म्हणाली. पण सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांची नजर आधी तिथेच गेली.

"ते कुठाय?"

"परदेशात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

सगळं ऐकून घेतल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "सोमवारी ते सोडवून आण आणि राजीनामा देऊन ये." नवऱ्यानं आधी त्यांच्याकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे बघून. दोन दिवस मी स्वयंपाकघरात मुक्यानं पोळ्या लाटल्या. आत्ताच कुठे मला मोठ्या खड्यांच्या टेबलावर घेतलं होतं. ती नोकरी सुटणार म्हणून मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

खरी पंचाईत वेगळीच होती. आई आणि सासूबाईंचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लग्नात आईनं विहिणीचा मान करताना सासूबाईंना वगळून त्यांच्या जावेची ओटी भरली, तिला हळदकुंकू लावलं. आईच्या मते तीच रीत, विधवेला कसं लावायचं? सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढेही आईशी बोलल्या नाहीत.

सोमवारी संध्याकाळी दोघी एकाच रिक्षातून झोनच्या गेटवर उतरल्या. मध्ये पाचर मारल्यासारखा माझा नवरा. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत दोघींनी त्याच्यामार्फतच बोलणं केलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. साहेबांनी बिलं बघितली, वाट्या ताडून पाहिल्या, सह्या घेतल्या. तोपर्यंत सुट्टी झाली आणि बायकांचा लोंढा बाहेर पडायला लागला. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कुणाच्या गळ्यात काळी पोत, कुणाचा गळा अगदी मोकळा. स्कूटरवाली आली, नवऱ्याच्या खिशातून मंगळसूत्र काढून तिने घातलं आणि पिशवी सावरत मागे बसली.

"या सगळ्या अशाच येतात?" सासूबाईंनी मला विचारलं.

"हो. पोटासाठी येतात."

 साहेबांनी पाकीट फोडून मंगळसूत्र आईच्या हातात दिलं, ती पुढे होती म्हणून. सासूबाई एक पाऊल मागे सरकल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थेट आईशी बोलल्या.

"घाला तिला, विहीणबाई. तुम्ही सवाष्ण आहात."

आई मंगळसूत्राकडे बघत राहिली. माझी आई रीतीभातीची पक्की, एकादशीला चहात साखर किती तेसुद्धा ठरवणारी. तिनं ते सासूबाईंसमोर धरलं. "तुमची सून आहे," ती म्हणाली. "तुम्हीच घाला. लग्नात माझं चुकलं."

सासूबाईंनी हात पदराला पुसले. सासरे गेल्यापासून त्यांना कुणी अशा कामाला हात लावू दिला नव्हता, स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा नाही. माझ्या मानेमागे त्यांची बोटं चाचपडत होती. हूक लागायला बराच वेळ लागला. रिक्षावाले हॉर्न मारत होते. बसमधून मैत्रिणी मला हाका मारत होत्या.

परतताना सासूबाई मधे बसल्या आणि नवऱ्याला पुढे रिक्षावाल्याशेजारी पिटाळलं. पवईच्या आसपास म्हणाल्या, "मुलुंडला उतरलो की काळे मणी घेऊ. सकाळी हे काढून देव्हाऱ्यात ठेव, पोत घालून जा. संध्याकाळी आलीस की मी घालीन." राजीनाम्याचं नाव कुणीच काढलं नाही.

आणि त्यांनी खरोखर घातलं, अनेक वर्षं. मी चपला काढेपर्यंत त्या देव्हाऱ्यातून मंगळसूत्र घेऊन उभ्या. कधी पिठाचे हात, कधी डोळ्यांत मोतीबिंदूचं औषध. "मान खाली कर, उंटीण कुठली," असं म्हणायच्या. आम्ही भांडलो असलो तरी ते चुकायचं नाही. अबोला असला की नुसता माझा खांदा खाली दाबायच्या.

त्या गेल्या तेव्हाही मी नोकरीत होते. सुतक संपवून कामावर गेले, संध्याकाळी घरी आले, आणि दारात कुणीच नव्हतं. मी चपला घालूनच उभी राहिले. नवऱ्याला आधी कळेना. मग त्यानं देव्हाऱ्यातून मंगळसूत्र आणलं आणि माझ्या मागे उभा राहिला. लग्नानंतर त्यानं ते हातातही घेतलं नव्हतं. हूक त्याला काही केल्या लागेना. "थांब हं, लागेल," तो म्हणत होता. मी मान खाली घालून रडत उभी होते. मला अजिबात घाई नव्हती.