झुरेमासाठी दिवे मालवत नसत

लिस्बनमध्ये राहून झुरेमाला अर्धं आयुष्य झालं, पण आवाज चढवायला तिला कुणी शिकवू शकलं नाही. ब्राझीलमध्ये, रिओच्या खाडीपलीकडच्या काठावर, नितेरॉयला, पातळ भिंतींच्या घरात ती गिटार शिकली. शेजारचं तान्हं बाळ उठू नये म्हणून मावशी तिला कानात गुपित सांगावं तसं गायला लावायची. बोसा नोव्हा, तिकडचा तो हळुवार गाण्याचा प्रकार, असाच गायचा असतो. पण परमुलखात हे ऐकतो कोण! ब्राझीलची बाई म्हटलं की लोकांना डोक्यावर पिसं आणि हलणारी कंबर हवी. एका हॉटेलवाल्याने पिसांचा मुकुट पुढे केला, तेव्हा तिने तो त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या शिकवण्या धरल्या.

पुढे सिन्योर आमारूच्या खानावळीत तिला गायचं काम मिळालं. तिथे फादो, म्हणजे लिस्बनची विरहगाणी, गाणारी उभी राहिली की आमारू दिवे मालवायचा, 'शांतता' म्हणायचा आणि काटेचमचेसुद्धा गप्प व्हायचे. झुरेमा बसली की मात्र दिवे लख्ख आणि खाऱ्या माशाच्या ताटांचा खणखणाट. तिला ते लागायचं, फार लागायचं. पण तोंड वेंगाडेल ती झुरेमा कसली! लोक बोलू लागले की ती आणखी हळू गायची.

एका शनिवारी आमारूने निर्वाणीचं सांगितलं: आज आवाज चढवायचा, नाहीतर उद्यापासून घरी बसायचं. नाक दाबलं की तोंड उघडतं, असा त्याचा हिशेब. या वयात दुसरं दार कोण उघडणार? तरी स्टुलावर बसल्या बसल्या तिने माइकच बंद केला आणि नेहमीपेक्षाही हळू सुरुवात केली.

आमारू तणतणत आला. तिचे ओठ हलत होते, बोटं फिरत होती, पण बाई गातेय की नुसतं सोंग करतेय तेच त्याला कळेना. सोंग उघडं पाडायचंच म्हणून तो तिच्या तोंडाशी वाकला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर हशा पिकला आणि त्याचं टाळकं सटकलं.

"गप्प बसा हो जरा!" तो टेबलावर खेकसला. "गाणं चाललंय इथं, दिसत नाही का?"

सगळी खानावळ चिडीचूप झाली, आणि झुरेमाचा तोच हळू आवाज पार दारापर्यंत पोचला. आपण काय बोलून बसलो ते आमारूच्या ध्यानात आलं. तो तिथेच खांबासारखा उभा राहिला. झुरेमाने गाणं शेवटपर्यंत म्हटलं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग तारा जुळवत ती म्हणाली, "सिन्योर आमारू, उभेच आहात तर दिवे मालवा. दुसरं गाणं घेतेय."

आमारूने मुकाट्याने बटण दाबलं.