सिद्धाप्पाची झोप

एअर व्हाइस मार्शल म्हणजे नेमकं काय, हे बिरुदेवाच्या वस्तीला कधीच नीट कळलं नाही. विमानातला लई मोठा सायेब, एवढंच ठाऊक. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला पोरगा लढाऊ विमान उडवतो म्हटल्यावर हुद्दा विचारतोय कोण! पण प्रत्येक बढतीला बिरुदेवाचं तोंड उतरायचं. बायको म्हणायची, ह्या माणसाला आनंदसुद्धा साजरा करता येत नाही. तो कुठून येणार? ती नोकरी थोरल्या भावाच्या अब्रूवर तगली होती.

झालं होतं ते असं. बिरुदेव तेव्हा पुण्याला होता. वर्दी नवी कोरी आणि डोक्यात हवा. सुट्टीवर आला तेव्हा थोरल्या सिद्धाप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, सोमवारी सकाळी मी आपल्या माळावरनं जाणार, तू टेकडीवर उभा राहून पटका हलव, म्हणजे मला दिसशील. ठरलेला मार्ग वेगळा होता, आणि इतकं खाली यायला तर सक्त मनाई. पण तरण्या वैमानिकाला अक्कल शिकवायची कुणी? सिद्धाप्पा बिचारा हरखून गेला. सोमवारी मेंढरं ओढ्याच्या काठाला सोडून तो टेकडी चढला आणि लाल पटका फडफडवत उभा राहिला.

विमान आलं, गेलं. वरच्याला पटका दिसला आणि तो गाणं म्हणत पुण्याला परतला. खाली त्या आवाजानं कळप बिथरला. पुढचं मेंढरू दरडीवरनं ओढ्यात पडलं आणि मागची सगळी त्याच्यावर. खालची गुदमरून मेली. निम्मा कळप गेला, कोकरं तर जवळजवळ सगळीच. बिथरलेलं मेंढरू पुढच्याच्या मागं डोळे मिटून जातं, हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. बिरुदेव त्यातलाच होता की! तरी त्याला सुचलं नाही. ह्याच एका गोष्टीसाठी त्यानं स्वतःला जन्मभर शिव्या घातल्या.

आबा, म्हणजे त्यांचे वडील, धावत आले. तू कुठं होतास, असं त्यांनी सिद्धाप्पाला विचारलं. विमान कुणाचं हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण खरं सांगावं तर बातमी तालुकाभर होणार आणि धाकट्याची वर्दी उतरणार. सिद्धाप्पा खाली मान घालून म्हणाला, "डोळा लागला, आबा."

आबांनी सगळ्या वस्तीदेखत त्याच्या हातातली काठी काढून घेतली. उरलेला कळप चुलतभावाकडं गेला. सिद्धाप्पाला झोप्या हे नाव चिकटलं ते चिकटलंच, लग्नात करवल्यांनीसुद्धा सोडलं नाही. मग तो बायकोला, मायाक्काला, घेऊन सोलापुरात आला आणि मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलू लागला. पुढच्या सुट्टीत बिरुदेवाला सगळं कळलं तेव्हा तो ढसाढसा रडला, आत्ताच आबांना सांगतो म्हणाला. सिद्धाप्पानं त्याला दटावलं, तू विमान बघ, घरचं मी बघतो. आणि खरं सांगू? तेव्हा धाकट्याला हायसंच वाटलं. हे हायसं वाटणं तो पुढं कधी विसरला नाही.

बिरुदेव चढत गेला. तुकडीचा प्रमुख झाला, पदक मिळालं, हाताखाली शेकडो पोरं शिकली. एखाद्यानं हौसेपायी विमान जरा खाली आणलं की त्याची गय नाही, सरळ उड्डाण बंद. पोरं म्हणायची, म्हातारा लई खडूस. त्यांना काय माहीत, म्हातारा कुणावर दात खातोय ते.

निवृत्त होऊन त्यानं होटगी रोडला घर बांधलं. नव्वदीला टेकलेले आबा मात्र तिथं राहीनात. यार्डामागच्या सिद्धाप्पाच्या दोन खोल्याच त्यांना बऱ्या वाटायच्या. बिरुदेव रोज तिथं जायचा. आबा सहज म्हणायचे, झोप्या, जरा उशी सरकव. सिद्धाप्पा हसत सरकवायचा, आणि एअर व्हाइस मार्शल चहा तसाच ठेवून उठायचा.

गेल्या महिन्यात समाजाच्या लोकांनी बिरुदेवाचा सत्कार ठेवला. शाल झाली, फेटा झाला, भाषणं झाली. एक जण माईकवरनं म्हणाला, एकाच आईची दोन लेकरं, एक आभाळात गेला आणि एक झोपून राहिला. सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेत सिद्धाप्पाही हसला. बिरुदेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉलमधनं तो थेट आबांच्या खाटेपाशी गेला. मागोमाग आलेला सिद्धाप्पा नको नको म्हणत असताना त्यानं सगळं सांगून टाकलं. विमान माझं होतं, सिद्धाप्पा आण्णा झोपला नव्हता, मीच त्याला टेकडीवर उभं राहायला लावलं होतं. आता आबा आपल्याला शिव्या देतील, आण्णाला जवळ घेतील, असं त्याला वाटत होतं.

आबांनी बिरुदेवाकडं पाहिलंच नाही, थोरल्याकडं पाहिलं.

"म्हंजी तू जागा हुतास?"

सिद्धाप्पानं मान डोलावली.

"झोपंचं काय न्हाय. झोप म्या बी काढलीया मेंढरामागं. तिच्यावर मानसाचा जोर चालत न्हाय, म्हनून तवाच तुजी चूक पोटात घातली. पर जागेपनी? मुकी जित्राबं उगडी टाकून मजा बगाय गेलास?"

बिरुदेव मधे पडला, चूक माझी आहे म्हणाला. आबांनी हातानंच त्याला थांबवलं. धाकटा त्यांच्या लेखी कधीचाच परका झाला होता, त्याला मेंढरांचा जाब विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सिद्धाप्पानं पांघरूण घालायला हात पुढं केला, तो त्यांनी झिडकारला.

सिद्धाप्पा बाहेर येऊन पायरीवर बसला. बिरुदेव त्याच्यासमोर उभा राहिला, फेटा अजून डोक्यावरच होता. माफी कशाची मागावी हेच त्याला कळेना.

सिद्धाप्पा रागावला नव्हता, म्हणून तर त्याचं बोलणं ऐकवेना.

"आबा काय माफ करत्यात आन काय न्हाय, ते मला ठावं हुतं, बिरू. म्हनून तर झोपलो म्हनलो हुतो. आता नव्वदीत त्येंनी मला कवा माफ करायचं, सांग की."