उपरण्याखालचा करार

चहा सांगायचा असला तरी तो तोंडाने सांगत नसे. टपरीवाल्याचा हात ओढायचा, त्यावर आपलं उपरणं टाकायचा आणि खाली त्याची दोन बोटं दाबायचा. दोन बोटं म्हणजे दोन चहा. टपरीवाला रोज ओरडायचा, "आबा, तोंडानं सांगा की! तुमचा चहा काय कोणी पळवतंय?" त्यावर याचं उत्तर ठरलेलं. "हात दाबला, विषय संपला."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपल्याला एक धंदा येतो म्हणून साऱ्या दुनियेचा धंदा कळतो असं समजणारा. आमचा हा माणूस गुरांच्या बाजारात बैलांचा दलाल होता. सगळे त्याला आबा म्हणत. मी दलालच म्हणायचो आणि तो मला नालबंद म्हणायचा. बैलांना नाल ठोकणं हा माझ्या बापाचा आणि आज्याचा धंदा. बाजारात मला चाचा म्हणतात. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण माझ्या हातचा नाल निसटला असं म्हणणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दाखवा, मी हातोडी गोदावरीत टाकतो.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली घेतो आणि बोटं धरून भाव विचारतो. मग तसाच घेणाऱ्याकडे जातो. वर तोंडाने गप्पा चालू, कांदा काय म्हणतो, पोरीचं जमलं का. खाली बोटांची भांडणं. पटलं तर हात घट्ट दाबायचा. नाही पटलं तर मूठ वळायची. मूठ वळली की सौदा मोडला. बोभाटा नाही, अपमान नाही. आणि एकदा हात दाबल्यावर माणूस फिरत नाही, हा आमच्या बाजाराचा कायदा.

या कायद्यानेच दलालाचं डोकं फिरवलं होतं. एकदा त्याने एक लंगडा बैल मऊ मातीत फिरवून दाखवला आणि देवळ्याच्या एका शेतकऱ्याच्या गळ्यात मारला. पुढच्या बाजारी तो शेतकरी बैल घेऊन हजर. "आबा, ह्यो पाय धरतोय." दलाल शांतपणे म्हणाला, "हात दाबला व्हता ना?" शेतकऱ्याने मान खाली घातली आणि बैल माझ्याकडे आणला. तेव्हापासून दलालाची खात्रीच पटली की हात दाबलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठेही फिरत नाही. दिंडोरी नाक्याच्या पलीकडे पृथ्वी कशी आहे, हे त्याने पाहिलं नव्हतं.

त्याच्या पोराने पाहिलं होतं. एकुलता एक मुलगा, आखातात बोटी दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर. ट्रॅक्टर आले, बैल घटले, बापामागे बाजारात त्याच्यासाठी काही उरलं नाही, म्हणून तो गेला. गोदीसमोर समुद्र आणि समुद्रापलीकडे इराण. इराण आणि अमेरिकेचं वाजलं तर पहिली आग कोणाच्या डोक्यावर पडेल, हे कळायला नकाशा लागत नव्हता. त्यातच पोराचं कंत्राट संपत आलं होतं. पुढच्या दोन वर्षांची सही करू की घरी येऊ, असं तो बापाला फोनवर विचारत होता.

आणि नेमकं तेव्हाच गुरुजींनी टपरीवर पेपर उघडला. गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर. स्वतः पेपर घेत नाहीत, टपरीचा वाचतात, आणि वर आम्हालाच समजावतात. त्यांनी वाचलं, "इराणच्या अणुकार्यक्रमाला मर्यादा घालण्यावर तत्त्वतः सहमती."

"तत्त्वतः म्हंजे काय वो गुरुजी?" दलालाने विचारलं.

"म्हणजे असं, की इराणनं युरेनियम ठरल्यापेक्षा जास्त शुद्ध करायचं नाही. बाहेरचे तपासनीस जाऊन बघणार. त्या बदल्यात अमेरिका निर्बंध उठवणार. पण हे अजून कच्चं आहे. सह्या व्हायच्यात."

"हात मिळवले का?"

"फोटोत तर मिळवलेत."

"मंग झालं! हात दाबला, विषय संपला." आणि टपरीवाल्याचा हात गेला उपरण्याखाली.

मला राहवेना. "अरे दलाला, फोटोत हात आमचा नगरसेवकही मिळवतो. म्हणून गटार साफ झालं का?"

"तुला नाय कळनार, नालबंद. मारक्या बैलाला येसन घातली का तो गपगुमान चालतो. तसंच हाय हे."

"वेसण घालायला बैलानं नाक पुढं करावं लागतं. मी जन्मभर बैल पाडतोय. दोर टाकायचा, आडवा करायचा, पाय बांधायचे, मग नाल. उभ्या बैलाला कोणी नाल ठोकल्याचं ऐकलंयस?"

"आन पाडताना बैल कोनाच्या अंगावर पडतो, त्ये बी सांग की."

गोदीतल्या पोराच्या अंगावर, हे सगळ्या टपरीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण वाद सुरू झाल्यावर मागे सरणं माझ्या रक्तात नाही. मी म्हणालो, "तपासनीस येणार म्हणजे आधी कळवून येणार. मग मारका बैल गोठ्यात कोण ठेवील? नेऊन बांधील मळ्यात."

"बांधू दे मळ्यात. शेन पडतंच ना? शेन कुटं लपवशील?"

गुरुजी बाकावरून उडालेच. "अगदी बरोबर, आबा! अणूचं तसंच असतं. कण मागे राहतात, तपासात सापडतात!" माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं गुरुजींना माझं एक वाक्य पटलं नाही, आणि दलालाचं शेण पटलं.

टपरीवाल्याला वाटायचं मी इराणची बाजू घेणार. मला डोळा मारून विचारायचा, "काय चाचा, तुमच्या लोकांचं काय म्हणणं?" माझे लोक जुन्या नाशकात राहतात, आणि त्यांचं म्हणणं नळाला पाणी कधी येणार एवढंच असतं. मी स्वतः मालेगावच्या पुढे गेलेलो नाही. इराणने मला आजवर एक खजूर पाठवलेला नाही. आणि अमेरिकेचं तर नावच काढू नका. ज्याच्या गोठ्यात मारक्या बैलांचा कळप उभा आहे, तो दुसऱ्याच्या एका गोऱ्ह्याला वेसण घालायला निघालाय. माझा दोघांवरही काडीचा विश्वास नव्हता. दलाल मात्र दोघांवर विश्वास टाकून बसला होता, आणि त्या विश्वासावर पोराला बसवलं होतं.

पुढे पेपर रोज कूस बदलू लागला. एक म्हणे हे कलम ठरलं होतं, दुसरा म्हणे असं काही ठरलंच नव्हतं. आज बोलणी पुढे ढकलली, उद्या कुणाची तरी लढाऊ जहाजं समुद्रात सरकली. गुरुजी वाचायचे आणि दलाल उपरणं झटकायचा. "वरचं बोलनं कधी खरं नसतं, गुरुजी. खाली बोटं चालू असतील." फोनवर पोरालाही तेच. "सही करून टाक. करार व्हतोय. इथं येऊन काय बैलं हाकनार?" पोरगं म्हणे, गोदीतले निम्मे लोक सामान बांधतायत. हा म्हणे, त्यांना बाजार कळत नाय.

एका बाजारी मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. "तुझं पोरगं तिकडे आगीच्या तोंडाशी बसलंय आणि तू इथं बसून अमेरिकेचा हात दाबतोयस. तिचा हात कधी पाहिलायस तरी? किती बोटं आहेत तिला, ठाऊक आहे?"

लोक खदाखदा हसले. दलाल चहा अर्धा टाकून उठला आणि निघून गेला. पुढच्या बाजारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला काय, माझं नाल ठोकणं चालू होतं. टपरीवरचा चहा तेवढा बेचव लागायला लागला. टपरीवाल्याने पत्ती बदलली असणार.

मग तो आला. दाढीचे खुंट वाढलेले, पायात चपला वेगवेगळ्या. बाकावर नेमका माझ्या शेजारी बसला. गुरुजींनी पेपरावरून डोकं वर काढलं. "काय आबा, दिसला नाहीत. कराराचं काय म्हणता?"

"व्हनार म्हंजी व्हनार! हात दाबलाय त्यांनी." आवाज नेहमीचाच, अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असा.

आणि बोलता बोलता त्याने उपरणं माझ्या हातावर टाकलं. मला वाटलं, टपरीवाला समजून मला चहा सांगतोय. पण बोटं दाबली नाहीत. माझ्या तळहातात त्याने आपली मूठ ठेवली. घट्ट वळलेली. आणि ती तो काढून घेईना.

वर तो गुरुजींना समजावत होता, दुनिया दमली भांडून, लढाई कोनालाच नको, सह्या झाल्याच समजा. खाली ती मूठ. आता तुम्हीच सांगा, यातलं खरं कोणतं मानायचं? आमच्या बाजारात वरचं बोलणं कोणी खरं मानत नाही.

मी मूठ धरली. पाडलेला बैल पाय झाडतो तेव्हा जोर करून भागत नाही. नुसतं आपलं वजन टाकून पाय धरून ठेवायचा असतो, मग तो निवतो. तसंच धरलं. आणि वर माझ्या नेहमीच्या कुचकट आवाजात म्हणालो, "होऊ दे की तुझा करार! पण त्याला साक्षीदार तुझंच पोरगं कशाला पाहिजे? बोलव घरी. सह्या झाल्या की गुरुजी त्याला वाचून दाखवतील."

सगळे हसले. तोही हसला. मूठ सैल झाली. त्याने उपरणं खांद्यावर घेतलं, फोन काढला आणि तिथेच पोराला लावला. "सही करू नको. ये." पलीकडून पोरगं बराच वेळ बोलत होतं. याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "ये म्हनलं ना." फोन बंद.

पोरगं आलं. आलं आणि समुद्र शांतच राहिला. सह्यांची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, पण गोदीवर ठिणगीसुद्धा पडली नाही. मग काय, टपरीला खाद्य मिळालं. टपरीवाला विचारायचा, "आबा, करार पक्का व्हता, मंग पोराला का बोलावलं?"

"आठवन आली म्हनून."

पोरगं घरी बसून धुमसत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, बाबांनी चांगली नोकरी घालवली. दलाल ते ऐकून घ्यायचा. भीती वाटली म्हणून बोलावलं, असं त्याने एकदाही म्हटलं नाही. आणि नालबंदानं भरीला घातलं, असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सगळा ठपका माझ्यावर आला असता आणि हा सुटला असता. दलाल उपरण्याखालचं कधी बाहेर काढत नाही, एवढं मी त्याचं मान्य करतो. बाकी काही मान्य करत नाही. करार तेव्हाही कच्चा होता. दलाल वारला त्या आठवड्यातही गुरुजी टपरीवर वाचतच होते, नवी बोलणी, नवी मर्यादा, पुन्हा तत्त्वतः.

मला तो शेवटचा दिसला दिंडोरीच्या बाजूला. पोराला तिथे वाईनच्या कारखान्यात स्टीलच्या टाक्या जोडायचं काम लागलं होतं. मी जवळच्या मळ्यात एका खोंडाला नाल ठोकून परत निघालो होतो. फाटकातून पाहिलं, तर पोरगं शिडीवर चढून वेल्डिंग करतंय आणि खाली हा म्हातारा दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. शिडी टाकीला दोराने बांधलेली होती. धरायची काही गरज नव्हती. आणि हा तोंड वर करून थेट त्या निळ्या उजेडाकडे बघत होता. डोळ्यांवर काच नाही, काही नाही.

मी फाटकातून ओरडलो, "ए दलाला! नजर काढ तिथून, आंधळा होशील!"

वरून पोरगंही ओरडलं, "बाबा, कितीदा सांगू, बघू नका!" त्याने वेल्डिंग थांबवलं. म्हाताऱ्याने आज्ञाधारकपणे मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी गालावर ओघळत होतं. वेल्डिंगकडे बघितलं की येतंच पाणी, कोणाच्याही येतं.

पोराने पुन्हा कामाला हात घातला. निळा उजेड पडला. म्हाताऱ्याने शिडी आणखी घट्ट धरली आणि तोंड परत वर केलं.