ओल्या लाकडाची वाटी

देवरावगुरुजींची आणि माझी पहिली भेट पोंभुर्ण्याच्या शाळेत, कार्यानुभवाच्या खोलीत झाली. मी नवी शिक्षिका; कुठे बसावे हे न कळून तिथे शिरले. गुरुजी खरादीवर लाकूड फिरवत लाटणे कातत होते. "बसा बाई, स्टुलावरचा भुसा झटकून घ्या," एवढेच म्हणाले.

कुणाच्या अंगणातले झाड तोडले की गुरुजी एक ओंडका मागून आणत. तो सावलीत पुरता वाळल्याशिवाय त्याला हत्यार लावत नसत. मग त्याची रवी, लाटणे, काहीतरी करून त्याच घरी नेऊन देत. राजुऱ्याला माझ्या माहेरी खोली वाढवताना आमचा आंबा तोडावा लागला, तेव्हा ते ओंडका घेऊन एसटीने परतले होते. आम्ही विसरूनही गेलो होतो. त्यांनी लाटणे आणून दिले तेव्हा माझी आई ते हातात धरून बसून राहिली. घाई करणाऱ्या मुलांना गुरुजी सांगत, "ओलं लाकूड कातू नोका. तडकते."

म्हणूनच गेल्या वर्षीची गोष्ट गुरुजींच्या या गौरवग्रंथात लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

गुरुजींच्या पत्नी सिंधुकाकू गडचिरोलीच्या दवाखान्यात होत्या. त्याच दिवसांत काकूंनी लावलेले अंगणातले शिवणीचे झाड वादळात छपरावर कलले. गुरुजींनी त्यांना न सांगता ते तोडून घेतले. आता घरीच न्या, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर काकू परतल्या आणि फाटकातच थबकल्या.

"मले काऊन नाई विचारलं?" एवढे म्हणाल्या, आणि गुरुजींशी बोलणेच सोडले.

लाकूड वाळेपर्यंत काकू राहणार नव्हत्या, हे गुरुजी जाणून होते. त्यांनी ओल्याच शिवणीची वाटी कातली. मी भेटायला गेले तेव्हा काकू तिच्यातून पेज पीत होत्या. वाटी तडकली होती. पेज मनगटावरून ओघळत होती.

"पाहा बाई," काकू मला हसून म्हणाल्या, "जनमभर पोट्ट्यायले शिकवलं, अन् बायकोले गळकी वाटी!"

"स्टीलची आणू?" गुरुजींनी विचारले.

"राहू द्या जी. माह्या झाडाची हाय." इतक्या दिवसांत त्या प्रथमच गुरुजींशी बोलल्या. त्यांनी फटीवर बोट दाबले, पेज संपवली आणि त्या म्हणाल्या, "तुमी जेवले का?"

गुरुजी आत गेले.

काही दिवसांनी काकू गेल्या. वाटीची फट डिंक आणि भुशाने सहज बुजली असती. मी तसे सुचवले.

"तिथं तिचं बोट होतं," गुरुजी म्हणाले.

गौरवग्रंथात हे छापावे का, असे मी त्यांनाच विचारले. "लिवा," म्हणाले, "पण तिले हसतानी लिवा."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या गुरुजींना शतायुषी व्हा म्हणताना पेन अडते. ती वर्षे त्यांना काकूंवाचून काढायची आहेत. तरीही म्हणते. शिवणीचे उरलेले ओंडके पडवीत वाळत आहेत. त्यांना वेळ लागेल. तेवढा काळ आणि त्यापुढचाही गुरुजींना निरोगी लाभो, त्यांचे हात स्थिर राहोत. आणि तोवर आमच्यापैकी कुणी ना कुणी रोज त्या पडवीत येऊन बसो.