बोनसचे चेअरमन

चेअरमनांना काहीही दाखवा, ते आधी त्याचा परतावा विचारत. बारशाला आले की पाळण्यात डोकावण्याआधी बाळाच्या नावावर एसआयपी सुरू केली का, याची चौकशी व्हायची. आता भारतात कॉलेजला असलेल्या त्यांच्या स्वतःच्या मुलीने लहानपणी भरतनाट्यम शिकायला घेतलं तेव्हा "यातून पुढे काय सुटतं?" असं त्यांनी गुरूंनाच विचारलं होतं. मूळचे सांगलीचे, बहरैनला मनामात एका फायनान्स कंपनीत वरच्या हुद्द्यावर, राहायला बुदैयाला व्हिलात. मराठी मंडळाचे चेअरमन ते, क्रिकेट संघाचे ते, सहलीचेही तेच. बहरैनमध्ये जिथे चार मराठी माणसं आणि एक रिकामी खुर्ची असेल, तिथे चेअरमन कोण, हे विचारावं लागत नसे.

एका हिवाळ्यात ऑफिसमधल्या कोणीतरी त्यांना वाळवंटात कुत्र्यांची शर्यत बघायला नेलं. परतले ते साक्षात्कार झाल्यासारखे. पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे पोहे खाता खाता त्यांनी योजना मांडली. आयर्लंडमध्ये शर्यतीसाठी ग्रेहाउंड जातीची कुत्री ढिगाने पैदास करतात, त्यातली थोडीच वर पोचतात, बाकीची मिळेल त्या भावाने काढून टाकतात. त्यांच्या शब्दांत, "तिकडचा टाकाऊ माल, इकडचा चॅम्पियन." मिक्सर घ्यायला महिनाभर विचार करणारा माझा नवरा श्रीधर चहा निवायच्या आत हो म्हणून बसला. मी विचारलं, हा जुगार नाही का? चेअरमन समजुतीने हसले.

"वहिनी, पैसे लावतो तो जुगारी. आपण मालक."

आठ घरांनी मिळून एक कुत्रा घेतला. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धा पाय आला. व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच चर्चा होऊन त्याचं नाव 'बोनस' ठरलं, कारण कंपन्यांनी त्या वर्षी कोणालाच दिला नव्हता.

बोनसला बुदैयाच्या बाजूलाच एका शेतावर ठेवला होता. आम्ही सगळे मालक मुलाबाळांसह त्याला बघायला गेलो. राखाडी रंगाचा, बरगड्या दिसणारा, अतिशय सभ्य प्राणी. तोंडाला जाळी होती. मुलांनी चेंडू टाकला तर तो चेंडूकडे आणि मग आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला खेळता येत नाही का, असं मी विचारलं. "तो प्रोफेशनल आहे," चेअरमन म्हणाले. दिवसभर कोंडून का ठेवतात? तर म्हणे खेळाडूला विश्रांती लागते. आणि पळून दमत नाही का? यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "धावणं त्याच्या रक्तात आहे, आपण फक्त संधी देतो." हेच वाक्य ते त्यांच्या हाताखालच्या ट्रेनी पोरांबद्दलही वापरत, त्यामुळे चेअरमन तत्त्वाचे पक्के होते हे मान्य करायलाच हवं.

बोनस पहिल्या शर्यतीत शेवटून पहिला आला. नंतर एकदा दुसरा आला, तेव्हा चेअरमननी श्रीखंड-पुरीची पार्टी दिली. बक्षीस एक थर्मास होता. तो आठ घरांत कसा वाटायचा यावर ग्रुपवर दोन दिवस गंभीर चर्चा चालली.

मग एका शर्यतीत वळणावर बोनस दुसऱ्या कुत्र्यावर आदळला आणि त्याचा मागचा पाय मोडला. नियमावली चेअरमननीच लिहिली होती. तिच्यात 'एक्झिट' नावाचं एक कलम होतं: धावणं बंद, तर खर्च बंद. ग्रुपवर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, हात जोडलेली चित्रं टाकली आणि चेअरमन काय तो प्रॅक्टिकल निर्णय घेतील असं सुचवलं. इंजेक्शन हा शब्द कोणीही लिहिला नाही. आम्ही सुसंस्कृत माणसं.

चेअरमनची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून क्लिनिकला मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टर केरळची तरुण मुलगी होती. बोनस टेबलावर पडून होता आणि जो कोणी जवळ येईल त्याचा हात चाटत होता, सुई आणणाऱ्याचासुद्धा. चेअरमननी घसा खाकरला आणि हिंदीत विचारलं, ऑपरेशन केलं तर पुढे फायदा काय?

"फायदा कुछ नहीं," ती म्हणाली. "जिंदा रहेगा."

चेअरमननी चष्मा पुसला, ऑपरेशनच्या कागदावर सही केली आणि मला विचारलं, "वहिनी, गाडीत जुना टॉवेल आहे का? नंतर न्यायला लागेल."

मीनाताई, म्हणजे त्यांची बायको, कुत्र्यांना घाबरायच्या. त्यांनी आठवडाभर अबोला धरला, आणि मग बोनससाठी वेगळा भात लावायला लागल्या. बोनसला घर ही गोष्टच माहीत नव्हती. काचेच्या दारावर आपटायचा, मिक्सर लागला की थरथरायचा. जिना तर त्याने जन्मात पाहिला नव्हता. एका शनिवारी मी गेले तर चेअरमन हाफ पँटवर जिन्यात बसलेले, हातात चिकनचा तुकडा. एक पायरी वर सरकायचे, बोनसची वाट बघायचे, पुन्हा सरकायचे. मला बघून म्हणाले, "बुडीत खातं आहे. लक्ष ठेवावं लागतं."

पुढे मंडळींनी दुसरा कुत्रा घ्यायचं काढलं. मीटिंग आमच्याकडेच होती. चेअरमननी एकच प्रश्न विचारला, धावून झाल्यावर त्याला कोण घरी नेणार? सगळे सामोशांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं की धंद्यात इतकं हळवं होऊन चालत नाही, आपणही कंपन्यांसाठी धावतोच की.

"आपल्याला कंपनी परतीचं तिकीट तरी देते," चेअरमन म्हणाले आणि उठले. त्यांनी आपणहून सोडलेलं ते पहिलं चेअरमनपद. त्यांच्यामागे आणखी दोघांनी पैसे काढले, त्यांतला एक श्रीधर, त्यामुळे दुसरा कुत्रा काही आला नाही. अर्थात, हे सगळं नीतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. शेअर महाग पडायला लागला होता.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर चेअरमनच्या कंपनीने त्यांची जागाच रद्द केली. तिकिटं आली ती दोन, माणसांची. आणि इथल्या उन्हात कुत्र्याला विमानात घेईना कोणी, थंडी पडेपर्यंत थांबा म्हणाले. मीनाताई पुढे गेल्या. चेअरमननी व्हिला सोडला, हिद्दमध्ये एका ओळखीच्या गोदामात किरकोळ हिशेबनिसाची नोकरी धरली, त्या व्हिसावर थांबले आणि एका खोलीत बोनससह उन्हाळा काढला. मंडळातले लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. मी डबा घेऊन जायचे तेव्हा एसीच्या झोतासमोर बोनस झोपलेला असे आणि चेअरमन पंख्याखाली.

नोव्हेंबरात मी त्यांना विमानतळाच्या कार्गोला सोडायला गेले. कागदपत्रं सगळी चोख होती. फक्त बोनस त्या प्लास्टिकच्या पेटीत शिरेना. चारी पाय रोवून उभा. चिकन दाखवलं, ओढून पाहिलं, काही उपयोग नाही. कार्गोवाला घड्याळाकडे बघत म्हणाला, "यल्ला, चला साहेब." तेव्हा चेअरमननी कोट काढून माझ्या हातात दिला, गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच पेटीत शिरले. निम्मेच मावले. सांगलीकडचं दणकट शरीर ते. आतून मऊ आवाजात काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने बोनसने मान खाली घातली आणि त्यांच्या अंगावरून, त्यांना तुडवत, आत गेला.

चेअरमन मागे मागे सरकत बाहेर आले. केस विस्कटलेले, शर्टाला कुत्र्याचे केस. कार्गोवाले हसत होते, एकाने तर टाळीही वाजवली. त्यांनी कोट घातला, टाय सारखा केला आणि मला म्हणाले, "वहिनी, हे ग्रुपवर टाकू नका."

मी शब्द पाळला. ग्रुपवर टाकलं नाही.