नदीतलं वासरू

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या व्हिडिओ हॉलात मी तीन-तीन खेळ बोलायचो. ही नव्वद-पंच्याण्णवची गोष्ट. इंग्रजी पिक्चर लागायचा, काळा-पांढरा, जुनापुराणा. लोकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, म्हणून मी माईक घेऊन बाजूला बसायचो आणि आपल्या मराठीत सांगत राहायचो. "घ्या, पडलं येडं घोड्यावरून!" लोक पोट धरून हसायचे. हिरो गुराखीच, पण एक नंबरचा वेंधळा. मालकाकडं त्याच्याच चार कॅसेट होत्या, त्याच फिरून फिरून लागत. मला त्या टोपीवाल्याचं तोंड बघायचा वीट आला होता.

आमच्या बाला मात्र वीट येईना. आम्ही तांड्यातली माणसं. बानं तरुणपणी गुरांचे कळप हाकत मुलूख पालथा घातलेला. तो दर बाजारी मागच्या बाकावर बसायचा, भाकर फडक्यात बांधून. हिरोकडं त्याचं लक्षच नसायचं, तो गुरं बघायचा. एका पिक्चरात कळप नदी उतरतो, एक वासरू धारेला लागतं, हिरो त्याच्यामागं उडी मारतो आणि स्वतःच गटांगळ्या खातो. टोपी वाहून जाते. तेवढ्यात सीन बदलतो. वासराचं काय झालं, ते दाखवतच नाहीत.

खेळ सुटला की बा विचारायचा, "वासरू निघालं का रे?"

आमच्यात नदी उतरली की आधी मोजणी. मोजणारा "पुरी हायेत!" अशी हाळी देई, मगच कुणी भाकरीला हात लावी. बाच्या लेखी माईक माझ्या हातात, म्हणजे मोजणारा मीच. तो भाकर न सोडता तशीच घरी न्यायचा. मला हे कळत होतं, बरं का. एक वाक्य तर बोलायचं होतं! पण तिसऱ्या खेळाला घसा फाटलेला असायचा, जीव नको नको झालेला. एकदा त्यानं खेळ चालू असतानाच मागून विचारलं आणि मी माईकवरच खेकसलो, "बुडालं तुमचं वासरू! जा आता घरी!"

सगळा हॉल हसला. बा उठून गेला, तो पुन्हा कधी आला नाही. मीही विषय काढला नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असंच करत राहिलो.

पुढं घरोघरी डिश आल्या, हॉल बंद पडला. माझा आवाज त्याआधीच बसला होता. बा अंथरुणाला लागला आणि एका आठवड्यात त्यानं जेवणच सोडलं. बायको दूध-भाकर कुस्करून तोंडाशी नेई, तो मान फिरवी. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय, पण खात नाहीत. मी रागावलो, हातापाया पडलो. थकून गेलो अगदी.

मग काय वाटलं कोण जाणे, दारात उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा घसा ताणून हाळी दिली, "पुरी हायेत! वासरूबी निघालं!" शेजारपाजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

बानं डोळे उघडले. "काहून रे इतका उशीर?" म्हणाला, आणि घासासाठी तोंड उघडलं.