सायमाची झोळी

सांगते, पण आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं!

तर, आम्ही एकेकाळी विद्यापीठाच्या कलाविभागात शिकलेली मंडळी. आमचा माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे रोज कुणी ना कुणी काहीतरी थोर करून ठेवतं. एकानं उड्डाणपुलाच्या खांबांवर फ्लेमिंगो रंगवले. एकीची ॲनिमेशन फिल्म परदेशात दाखवली. एक जण लाकडी खेळणी करतो, ती म्हणे संग्रहालयात ठेवतात आणि मुलांना हात लावू देत नाहीत.

आणि मी? मी सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये सव्वा वर्षाच्या ईराला वरणभात भरवते. त्यातला निम्मा भिंतीवर जातो. तेवढंच माझं भित्तिचित्र.

अशात ग्रुपचं प्रदर्शन ठरलं. वाशीला हॉल घेतला. म्हटलं, आपणही चित्रं द्यायची. का, माहितीये? माने सर येणार होते. कॉलेजात असताना माझ्या चित्रासमोर उभे राहून सर म्हणाले होते, "केतकी, तुझी रेघ घाबरते गं." झालं! तेव्हापासून पेन्सिल हातात घेतली की तीच आधी घाबरते. मला एकदाच, फक्त एकदाच सरांच्या तोंडून ऐकायचं होतं की आता घाबरत नाही.

चित्रं काढली ईराच्या झोपेत. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, कराडकडच्या. त्यांनी घरात साडीची झोळी बांधून दिलीय. वर शिकवणी: "दोरी पायाच्या अंगठ्यात अडकव. हात मोकळं ऱ्हात्यात. आमी अशाच बसून शेंगा फोडायचो." मी शेंगांऐवजी चित्रं काढली. अंगठा झोळीला, हात कागदाला.

आता अडचण बघा. सर बारा वाजता येणार. ईरा बारा वाजता झोपणार. सरांना एकवेळ 'वेळ बदला' म्हणता येईल, ईराला कोण सांगणार? मी ग्रुपवर विचारलं, "लहान मुलांची काही व्यवस्था आहे का?" कुणीतरी लगेच लिहिलं, "ये गं बिनधास्त, सगळी सोय आहे."

बिनधास्त! मला! मी भाजी आणायला जातानासुद्धा पर्समध्ये टेबलाच्या टोकांना लावायचे पिवळे फोमचे कोपरे घेऊन जाते. कुठे कसलं टोक असेल, सांगता येतं का?

हॉलवर पोचलो आणि ईरानं भोंगा सुरू केला. आईंना माझ्या चित्रांपाशी उभं केलं. "आई, पांढरी दाढीवाले सर आले की मला फोन करा." आणि निघाले सोय शोधायला.

पॅसेजच्या टोकाला काळा पडदा होता. पुढे लाल दोरी. मी दोरी ओलांडून आत डोकावले आणि तुम्हाला सांगते, मला रडू यायचं बाकी राहिलं. मंद उजेड. गारवा. कसला म्हणून आवाज नाही. मधोमध लोखंडी सांगाडा आणि त्याला टांगलेली, जुन्या ओढण्या जोडून शिवलेली, मऊसूत झोळी! आणि ती आपोआप हलत होती! एसटी स्टँडवरही हिरकणी कक्ष असतो हो, पण असा? म्हटलं, शेवटी कलाकार ते कलाकार. आयांचा काय विचार केलाय!

बाहेर पाटी होती म्हणे. असेल. कडेवर रडतं मूल, खांद्यावर डायपरची बॅग घेऊन तुम्ही पाटी वाचून दाखवा, मग बोलू.

तरी मी आई आहे. असं कशावरही मूल ठेवत नाही. आधी गाठी तपासल्या. दोन सैल होत्या, त्या आवळल्या. मग स्वतः झोळीला लोंबकळून बघितलं. पक्की! वर एक छोटी मोटर होती. विजेची वस्तू बाळाच्या डोक्यावर? छे! प्लग काढून टाकला. दिव्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. सांगाड्याच्या चारही टोकांना पिवळे फोम लावले. कुणी येऊ नये म्हणून बाहेरची लाल दोरी नीट ताणून घेतली. ईराला आत ठेवलं, माझी ओढणी दोरीसारखी बांधली, अंगठ्यात अडकवली आणि फोन सायलेंटवर टाकून बसले.

पाच मिनिटांत पोरगी गाढ!

तेवढ्यात पडदा हलला. एक काका आत. मागून दोन मुली. मग आणखी चौघं. सगळे गुपचूप उभे राहून माझ्याकडे बघतायत. मी ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. तेही ओठांवर बोट ठेवून उभे!

काका कुजबुजले, "किती वेळ चालतं हे?"

"दीड तास. कधी कधी वीस मिनिटांत उठते."

"म्हणजे ठरलेलं नाही?"

"ठरवून कधी काही होतं का हिचं?"

"वा!" काका मागच्यांना म्हणाले, "अनिश्चितता!"

एक मुलगी वाकून म्हणाली, "मॅम, यामागची प्रेरणा?"

"प्रेरणा कसली? बारा वाजले की रडते."

आता मात्र माझं डोकं सरकलं. "काका, बाळाला घेऊन बाई बसलीय, दोरी लावलीय, तरी तुम्ही सरळ आत शिरता? लाज नाही वाटत?"

काकांचा चेहरा उजळला हो! छातीवर हात ठेवून म्हणाले, "वाटते. आत्ता वाटली. थेट प्रेक्षकालाच प्रश्न!"

आणि त्या मुली चक्क टाळ्या वाजवायला निघाल्या. मी दातओठ खाऊन "शूऽऽ!" केलं, तर हवेतच हात हलवून टाळ्या दिल्या.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सायमा दिसली. आमच्याच बॅचची, उरणकडची. हिनं आधी झोळीकडे पाहिलं, मग मोटरच्या लोंबणाऱ्या प्लगकडे, मग पिवळ्या फोमकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय.

"केतकी," ती कुजबुजत किंचाळली, "ही झोळी माझी आहे!"

"किती छान केलीयेस गं!" मीही कुजबुजत. "फक्त गाठी सैल होत्या."

"अगं बये, ती सोय नाहीये! कलाकृती आहे माझी!"

"मग त्यात मूल का नाही ठेवलंस?"

"कारण ती रिकामी असायला पाहिजे, यार! आमच्या घरातली सगळी पोरं दुबईला गेली, आजीची झोळी रिकामी राहिली, त्यावर आहे ते! वर्षभर शिवत होते मी!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण वाशीची फरशी, ती कुठली दुभंगतेय! म्हटलं, "सॉरी! उचलते, लगेच उचलते!" आणि वाकले. तशी ईरा कुरकुरली.

"हलव, हलव!" सायमाच घाबरून म्हणाली. "उठवतेस काय तिला? थांबू नकोस!"

मग आम्ही तशाच भांडलो. ती कुजबुजत शिव्या देतेय, मी कुजबुजत माफी मागतेय, अंगठा चालू. आणि समोर, पांढरी दाढी. माने सर! कधीचे उभे होते कोण जाणे. मागून आईंचा आवाज, "अगं, धा येळा फोन केला! उचलत न्हाईस व्हय?"

त्या आवाजानं मात्र ईरा उठली. मी तिला उचलून घेतलं. झोळी रिकामी झाली आणि मोटर बंद असूनही थोडा वेळ हलत राहिली. आत ईराच्या दुधाचा ओला डाग. सायमा डागावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "हा राहू दे. आता खरी रिकामी वाटतेय." आणि लगेच, "पण ते पिवळं काढ आधी!"

मी सरांना माझ्या चित्रांपाशी नेलं. सर एकेका चित्रासमोर थांबले. चष्मा काढला, पुसला, लावला.

"केतकी," सर म्हणाले, "रेघ अजून घाबरतेच गं."

ईरानं माझ्या खांद्यावर ढेकर दिली. तिचं बरोबरच होतं.

"पण मघाशी तुझा अंगठा बघत होतो. त्या गृहस्थांना झापलंस, सायमाशी भांडलीस, मला बघून पांढरी पडलीस. अंगठा एकदाही चुकला नाही. काय लय! काय ठामपणा! असं काम मी फार दिवसांत पाहिलं नाही."

आई शेजारीच होत्या. "मंग अंगठ्यानंच काढ की चित्रं!" त्या म्हणाल्या. सर इतके हसले की पुन्हा चष्मा पुसावा लागला.

संध्याकाळी ग्रुपवर त्या काकांनी काढलेला फोटो आला. अंधुक उजेड, झोळी, आणि मध्ये माझा पाय, टाचेच्या भेगांसकट. अभिनंदनांचा नुसता पाऊस! उड्डाणपूलवाल्यानं लिहिलं, ॲनिमेशनवालीनं लिहिलं, आजवर माझ्या एकाही चित्राला ज्यांनी साधं 'छान' म्हटलं नव्हतं त्यांनीही लिहिलं.

फोटोखाली सायमानं दोनच ओळी टाकल्या होत्या:

झोळी : सायमा.
अंगठा : केतकी.